हर्मेटिक विचारपरंपरा आणि प्रभावशोधाचा प्रश्न

१. प्रास्ताविक

युरोपीय प्रबोधनकाळाचा विचार करताना आपल्याकडील अभ्यासक्रमांत सामान्यतः एक सरळ रेषा आखली जाते. ग्रीक-रोमन विद्येचे पुनरुज्जीवन झाले, मानव केंद्रस्थानी आला, बुद्धिवाद बळावला आणि त्यातून आधुनिक विज्ञान जन्मास आले, अशी ही रेषा आहे. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. ज्या पंधराव्या-सोळाव्या शतकांत ही बुद्धिवादाची पहाट झाली असे आपण मानतो, त्याच शतकांत युरोपातील अनेक श्रेष्ठ विद्वान एका ईजिप्शियन ऋषीच्या नावावर असलेले गूढग्रंथ अत्यंत आदराने वाचत होते. या ऋषीचे नाव हर्मीस ट्रिस्मेजिस्टस, म्हणजे 'त्रिवार थोर हर्मीस'. त्याच्या नावाशी निगडित असलेल्या विचारपरंपरेस हर्मेटिक परंपरा असे म्हणतात.

या परंपरेने विज्ञान, तत्त्वज्ञान आणि साहित्य यांवर काय परिणाम केला, याचा परामर्श घेणे हा प्रस्तुत निबंधाचा एक हेतू आहे. दुसरा हेतू पद्धतिविषयक आहे. 'अमुक विचाराचा तमुक लेखकावर प्रभाव' या स्वरूपाचे प्रबंधविषय आपल्याकडे विपुल आहेत. परंतु प्रभाव म्हणजे काय, तो कशाने सिद्ध होतो आणि साम्य व प्रभाव यांत भेद कसा करावयाचा, या प्रश्नांची चर्चा त्या मानाने थोडी होते. हर्मेटिक परंपरेचा इतिहास हा या प्रश्नांचा एक उत्तम वस्तुपाठ आहे. कारण या परंपरेचा प्रभाव जितका खरा आहे, तितकाच तो वेळोवेळी अतिशयोक्तीने मांडला गेला आहे, आणि त्याच्या मुळाशी कालनिर्णयाची एक मोठी चूक आहे.

२. ग्रंथ आणि त्यांतील विचार

ग्रीक हर्मीस हा देवांचा दूत, तर ईजिप्शियन थॉथ हा लेखनाचा आणि विद्येचा देव. ग्रीक सत्ता ईजिप्तमध्ये स्थिरावल्यावर या दोन दैवतांचे एकीकरण झाले. पुढे रोमन अमलात, साधारणतः इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांत, या संयुक्त हर्मीसच्या नावावर ग्रीक भाषेत अनेक ग्रंथ लिहिले गेले. अभ्यासक त्यांचे दोन गट करतात. एका गटात फलज्योतिष, किमयाविद्या, औषधी आणि जादूटोणा यांविषयीचे 'तांत्रिक' ग्रंथ येतात. दुसऱ्या गटात ईश्वर, विश्व आणि मानव यांच्या संबंधाचे विवेचन करणारे 'तात्त्विक' संवाद येतात. 'कॉर्पस हर्मेटिकम' या नावाने ओळखला जाणारा सतरा प्रकरणांचा ग्रीक संग्रह आणि लॅटिन अनुवादातच संपूर्ण उपलब्ध असलेला 'आस्क्लेपियस' हा संवाद ही या दुसऱ्या गटातील प्रमुख सामग्री होय. ही विभागणी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. 'हर्मेटिक' म्हटले की किमया, असे समीकरण सर्वत्र रूढ असले, तरी तात्त्विक संवादांत किमयाविद्येचे प्रतिपादन नाही. या दोन्ही गटांचा मूळ सामाजिक परिसर मात्र एकच असावा, असे गार्थ फाउडन यांनी १९८६ मधील आपल्या ग्रंथात साधार मांडले आहे.

संग्रहातील पहिला संवाद 'पॉइमान्द्रीस' हा या विचाराचा गाभा समजण्यास पुरेसा आहे. चिंतनमग्न शिष्यापुढे परमप्रज्ञा प्रकट होते आणि त्यास विश्वोत्पत्तीचे दर्शन घडविते. आधी अमर्याद प्रकाश, मग त्याखाली साकळणारा अंधार, त्या अंधारावर अवतरणारा शब्द, आणि मग सात ग्रहांच्या सात कक्षा. परमप्रज्ञेने आपल्या प्रतिमेनुसार निर्माण केलेला आद्यमानव या कक्षा भेदून खाली वाकून पाहतो. निसर्गाच्या जळात त्यास आपलेच प्रतिबिंब दिसते, तो त्या प्रतिबिंबावर लुब्ध होतो आणि निसर्गाशी संग करून देहात अडकतो. म्हणून मानव द्विविध आहे, देहाने मर्त्य आणि स्वरूपाने अमर. मरणोत्तर प्रवासात जीव एकेका ग्रहकक्षेत एकेक विकार परत करीत वर चढतो आणि अखेर मूळ प्रकाशात मिळून जातो.

या कथेत तीन सूत्रे गुंफलेली आहेत. पहिले, मानव हा विश्वाची लघुप्रतिकृती आहे. दुसरे, विश्व हे निर्जीव यंत्र नसून सचेतन देह आहे. त्याच्या सर्व अवयवांत परस्परसंवाद आहे. तिसरे, ज्ञान हे केवळ जाणणे नव्हे, तर ज्ञात्याचे रूपांतर आहे. 'आस्क्लेपियस' या संवादाने यांत चौथे सूत्र घातले: मानव मूर्तींत दैवी शक्तींचे आवाहन करू शकतो, म्हणजेच तो विश्वाचा केवळ प्रेक्षक नसून कर्ता आहे. पुढील सर्व प्रभावाचा विचार या चार सूत्रांच्या आधारे करता येतो.

३. फ्लॉरेन्स, १४६३ : आद्यविद्येची कल्पना

मध्ययुगीन लॅटिन जगतास 'आस्क्लेपियस' माहीत होता. लॅक्टान्शियस या ख्रिस्ती लेखकाने हर्मीसला ख्रिस्तागमनाचा सूचक मानून गौरविले होते, तर संत ऑगस्टीनने त्याच्या मूर्तिविषयक विचारांचा तीव्र निषेध केला होता. ग्रीक संग्रह मात्र पश्चिमेस अपरिचित होता. साधारणतः १४६० मध्ये एका धर्मोपदेशकाने त्याचे हस्तलिखित मॅसिडोनियातून फ्लॉरेन्सला कोझिमो दे मेदिची याच्याकडे आणले. कोझिमोने मार्सिलिओ फिचिनो या तरुण विद्वानाकडे प्लेटोच्या अनुवादाचे काम सोपविले होते. ते बाजूस ठेवून आधी हर्मीसचा अनुवाद करावा, अशी आज्ञा त्याने दिली. फिचिनोने १४६३ मध्ये चौदा प्रकरणांचा लॅटिन अनुवाद पुरा केला. पुढच्याच वर्षी कोझिमो निवर्तला. १४७१ मध्ये हा अनुवाद छापला गेला आणि नंतर त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या.

मरणाच्या उंबरठ्यावरील एका वृद्ध सत्ताधीशाला प्लेटोपेक्षा हर्मीस अधिक निकडीचा का वाटावा? याचे उत्तर फिचिनोच्या प्रस्तावनेत आहे. तीत त्याने एक गुरुपरंपरा दिली आहे: हर्मीस, ऑर्फियस, अग्लाओफेमस, पायथागोरस, फिलोलाउस आणि प्लेटो. म्हणजे प्लेटो हा या परंपरेचा शेवटचा वारस आणि हर्मीस हा तिचा आदिगुरू. हर्मीस हा मोझेसच्या आसपासच्या काळातला, अशी त्या वेळी समजूत होती. सिएना येथील प्रधान चर्चच्या फरसबंदीत १४८८ मध्ये कोरलेल्या चित्रात हर्मीस मोझेसचा समकालीन म्हणून दाखविला आहे. ईश्वराने एक आद्यविद्या प्राचीन ऋषींस दिली, ती जितकी जुनी तितकी शुद्ध, आणि सर्व धर्म व दर्शने ही तिचीच भ्रष्ट वा अंशात्मक रूपे, अशी ही धारणा होती. अगोस्तीनो स्तेउको याने १५४० मध्ये तिला 'शाश्वत तत्त्वज्ञान' असे नाव दिले.

पिको देल्ला मिरान्दोला याने १४८६ मध्ये नऊशे प्रमेयांच्या जाहीर वादासाठी जे भाषण लिहिले, त्याच्या आरंभीच त्याने 'आस्क्लेपियस'मधील मानवमहात्म्याच्या वचनाचा आधार घेतला. मानवाला निश्चित असे स्वरूप नाही, तो स्वतःस घडवू शकतो, हा विचार आज आपण मानवतावादाचा जाहीरनामा म्हणून शिकवितो. त्याच्या उगमाशी एक हर्मेटिक वचन आहे, ही गोष्ट मात्र वर्गात क्वचितच सांगितली जाते. पुढे फ्रान्चेस्को पात्रित्सी याने तर १५९१ मध्ये पोपला अर्पण केलेल्या ग्रंथातून, विद्यापीठांत ॲरिस्टॉटलच्या जागी हर्मीस आणि प्लेटो शिकवावेत, अशी मागणी केली.

४. कॅसोबाँ, १६१४ : पाठचिकित्सेचा निर्णय

ही सर्व इमारत ज्या पायावर उभी होती, तो पाया १६१४ मध्ये ढासळला. इझाक कॅसोबाँ हा जिनीव्हात जन्मलेला प्रॉटेस्टंट विद्वान आपल्या काळातील अग्रगण्य ग्रीकज्ञ होता. कार्डिनल बारोनियसच्या चर्चविषयक बृहद् इतिहासाचे खंडन करताना ओघानेच तो हर्मीसकडे वळला. त्याचे युक्तिवाद आजही पाठचिकित्सेच्या अभ्यासकाने मुळातून अभ्यासावेत असे आहेत. हर्मीस इतका प्राचीन असेल, तर प्लेटो वा ॲरिस्टॉटल यांच्यासारख्या जुन्या लेखकांत या ग्रंथांचा निर्देश का नाही? मोझेसकालीन ग्रंथात फिडियस या इसवी सनपूर्व पाचव्या शतकातील शिल्पकाराचा उल्लेख कसा? ईजिप्शियन भाषेतून अनुवादिलेल्या म्हटल्या जाणाऱ्या ग्रंथात केवळ ग्रीकमध्येच साधणारे शब्दखेळ कसे? यांतील अमूर्त पारिभाषिक संज्ञा जुन्या ग्रीकमध्ये का आढळत नाहीत? प्लेटोचा 'टिमीअस' आणि बायबलमधील उत्पत्तिकथा यांच्याशी इतके निकट साम्य का? निष्कर्ष उघड होता. प्लेटोने हर्मीसपासून घेतले नव्हते. हर्मीसच्या नावाने लिहिणाऱ्यांनी प्लेटोपासून घेतले होते. प्रभावाची दिशाच उलटी झाली.

येथे दोन गोष्टींची नोंद करणे अगत्याचे आहे. पहिली अशी की, सत्य प्रकट झाले म्हणून प्रभाव तत्काळ संपला नाही. रॉबर्ट फ्लडने कॅसोबाँच्या निर्णयानंतरही हर्मीसला प्रमाण मानूनच लिहिले. अथानासियस किर्खर याने १६५२ ते १६५४ या काळात प्रसिद्ध केलेल्या ईजिप्तविषयक महाग्रंथात हर्मीसचे प्राचीनत्व गृहीतच धरले. राल्फ कडवर्थ याने १६७८ मध्ये अधिक मार्मिक आक्षेप घेतला: काही ग्रंथ बनावट ठरले, म्हणून सर्वच ग्रंथांतील सर्व विचार बनावट ठरत नाहीत. दुसरी गोष्ट अशी की, कॅसोबाँचा कालनिर्णय टिकला, पण या ग्रंथांचा ईजिप्तशी संबंध केवळ नावापुरता आहे, हे मत टिकले नाही. १९४५ मध्ये नाग हम्मादी येथे सापडलेल्या कॉप्टिक हस्तलिखितांत हर्मेटिक ग्रंथ निघाले. त्यांतील एक पूर्वी सर्वस्वी अज्ञात होता. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेमोटिक लिपीतील 'थॉथच्या ग्रंथा'त गुरुशिष्यसंवादाचे रूप आढळले. त्यामुळे या विचारांत ग्रीक तत्त्वज्ञानाइतकाच ईजिप्शियन पुरोहितविद्येचाही अंश आहे, या मताला बळकटी आली आहे. म्हणजे कालनिर्णय एकाने अचूक केला, म्हणून सांस्कृतिक मूळही त्यानेच अचूक सांगितले असे होत नाही.

५. विज्ञान : येट्स यांचे प्रमेय आणि त्याची मर्यादा

१९६४ मध्ये फ्रान्सिस येट्स यांचा जोर्दानो ब्रूनो आणि हर्मेटिक परंपरा यांविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि हा विषय एकदम ऐरणीवर आला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: मध्ययुगीन विद्वान विश्वाकडे पाहत होता, प्रबोधनकालीन मांत्रिक-विद्वान विश्वावर क्रिया करू इच्छीत होता, इच्छाशक्तीची ही नवी दिशा 'आस्क्लेपियस'ने दिली आणि तिच्याशिवाय प्रयोगशील विज्ञानाची मनोभूमी तयार झाली नसती. ब्रूनोने कोपर्निकसचा पुरस्कार केला तो गणितासाठी नव्हे, तर सूर्यकेंद्री विश्व हे त्याला ईजिप्शियन धर्माच्या पुनरागमनाचे चिन्ह वाटले म्हणून, असेही त्यांनी मांडले.

हे प्रमेय प्रत्यक्ष पुराव्यावर घासून पाहिले पाहिजे. कोपर्निकसच्या १५४३ मधील ग्रंथात, सूर्यकेंद्री आकृतीच्या लगत, ट्रिस्मेजिस्टसने सूर्याला दृश्य देव म्हटल्याचा निर्देश आहे, हे खरे. परंतु त्याच वाक्यसमूहात सोफोक्लीसच्या शोकनाट्याचाही निर्देश आहे. त्यामुळे ही अलंकरणाची, विद्वत्प्रिय गौरवाची भाषा ठरते. ग्रहांचा क्रम त्यांच्या प्रदक्षिणाकाळावरून लावता येतो, हा तेथील मुख्य युक्तिवाद भूमितीचा आहे. येथे हर्मीसचा उल्लेख आहे, पण तो सिद्धान्ताचे कारण आहे असे म्हणता येत नाही. ब्रूनोच्या बाबतीतही सावधगिरी हवी. १७ फेब्रुवारी १६०० रोजी रोममध्ये त्याला जिवंत जाळण्यात आले, ते 'विज्ञानाचा हुतात्मा' म्हणून की 'हर्मेटिक धर्मसुधारक' म्हणून, हा वाद दोन्ही बाजूंनी एकांगी झाला आहे. खटल्याची मूळ कागदपत्रे बव्हंशी नष्ट झाली असून १९४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सारांशावरच मुख्य भिस्त आहे. त्यात ख्रिस्ती सिद्धान्तांविषयीचे आरोप आणि अनेक विश्वांची कल्पना हे दोन्ही आढळतात. १९७७ मध्ये रॉबर्ट वेस्टमन आणि जे. ई. मॅकग्वायर यांनी प्रसिद्ध केलेल्या चिकित्सेने येट्स यांच्या प्रमेयाची व्याप्ती बरीच आकुंचित केली.

याउलट, प्रभाव आणि विरोध यांचा खरा संघर्ष पाहावयाचा तर केप्लर व फ्लड यांच्या वादात पाहावा. १६१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केप्लरच्या विश्वसंवादविषयक ग्रंथात ग्रहगतीचा तिसरा नियम आहे आणि त्याच ग्रंथाच्या परिशिष्टात फ्लडवर टीका आहे. दोघेही विश्वात संगीत आहे असे मानतात. दोघेही विश्व सचेतन आहे या कल्पनेला पारखे नाहीत. परंतु फ्लडच्या आकृती म्हणजे चित्ररूप प्रतीके, आणि केप्लरच्या आकृती म्हणजे गणिती सिद्धता. फ्लड साम्य पाहतो, केप्लर ते साम्य मोजतो आणि जुळले नाही तर सोडून देतो. विज्ञान आणि हर्मेटिक विचार यांची वाट जेथे फुटली, तो बिंदू हाच, असे म्हणता येईल. पण येथेही सरसकट विधान धोक्याचे. कारण हाच फ्लड विल्यम हार्वेच्या रुधिराभिसरण सिद्धान्ताला छापील पाठिंबा देणाऱ्या आरंभीच्या लेखकांपैकी एक होता.

न्यूटनचे उदाहरण सर्वाधिक चर्चित आहे. १९३६ मध्ये त्याच्या अप्रकाशित कागदपत्रांचा लिलाव झाला; त्यांतील बराच भाग अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी मिळविला. न्यूटनला बुद्धियुगाचा आद्यपुरुष न म्हणता मांत्रिकांतील अखेरचा म्हणावे, असा त्यांचा अभिप्राय प्रसिद्ध आहे. न्यूटनने किमयाविद्येवर सुमारे दहा लाख शब्द लिहून ठेवले आहेत. हर्मीसच्या नावावर असलेल्या, प्रथम अरबीत आढळणाऱ्या 'पाचूच्या पाटी'चा त्याने स्वतः केलेला इंग्रजी अनुवाद केंब्रिजमध्ये जतन केलेला आहे. बेटी जो डॉब्ज यांनी १९७५ आणि १९९१ मधील ग्रंथांत, दूरस्थ वस्तूंतील आकर्षणाची कल्पना स्वीकारण्यास किमयाविद्येतील 'क्रियाशील तत्त्वां'नी न्यूटनचे मन अनुकूल केले, असे मांडले. विल्यम न्यूमन यांनी २०१८ मध्ये यास हरकत घेतली. त्यांच्या मते किमयेचा प्रत्यक्ष उपयोग गुरुत्वाकर्षणात नव्हे, तर प्रकाशाच्या पृथक्करणात आणि पुनःसंयोगात दिसतो: पदार्थ विघटित करून पुन्हा घडविण्याची प्रयोगशाळेतील रीत न्यूटनने पांढऱ्या प्रकाशास लावली. येथे प्रभावाचे दोन प्रकार समोर येतात. एक कल्पनेचा, दुसरा कृतीचा. पहिला आकर्षक असतो पण सिद्ध करणे कठीण. दुसरा रूक्ष असतो पण त्याची पावले मोजता येतात.

६. तत्त्वज्ञान

तत्त्वज्ञानातील प्रभाव थोडक्यात सांगता येईल, कारण तो बहुधा नवप्लेटोवादाच्या प्रवाहात मिसळून गेलेला आहे आणि त्यातून हर्मीसचा वाटा वेगळा काढणे अवघड आहे. तरी दोन गोष्टी ठळक दिसतात. एक म्हणजे सर्व दर्शनांच्या मुळाशी एक सत्य आहे हा 'शाश्वत तत्त्वज्ञाना'चा आग्रह. त्याची प्रशंसा लायब्नित्सनेही केली. दुसरी म्हणजे निसर्ग हा आतून उमलणारा, स्वतःस जाणू पाहणारा सजीव आहे, ही कल्पना. ती पॅरासेल्सस आणि याकोब ब्योमे यांच्यामार्गे जर्मन स्वच्छंदतावादापर्यंत पोहोचली. हेगेलच्या दर्शनातही हर्मेटिक धागे शोधण्याचे प्रयत्न झाले आहेत. ब्योमेचे वाचन हेगेलने केले होते, एवढे त्याच्याच व्याख्यानांवरून निश्चित आहे. त्यापलीकडील पाऊल प्रत्येकाने जपून टाकावे.

७. साहित्य

साहित्यातील प्रभावाच्या तीन पातळ्या कल्पिता येतात. पहिली, विषय म्हणून येणारा हर्मेटिक विचार. दुसरी, प्रतिमासृष्टी म्हणून येणारा. तिसरी, भाषेविषयीची भूमिका म्हणून येणारा.

पहिल्या पातळीचे ठसठशीत उदाहरण बेन जॉन्सनचे 'द आल्केमिस्ट' हे १६१० मधील प्रहसन. परीस बनवून देतो असे सांगून लंडनमधील लोभी माणसांना लुबाडणाऱ्या भामट्यांचे ते नाटक आहे. जॉन्सनला किमयेची परिभाषा तपशीलवार अवगत होती, पण तिच्यावर त्याचा विश्वास नव्हता. लेखक एखादी विचारधारा जाणतो, म्हणून तो तिचा अनुयायी ठरत नाही, ही साधी गोष्ट प्रभावशोधात वारंवार विसरली जाते.

दुसऱ्या पातळीवर इंग्रजीतील आध्यात्मिक कवी येतात. जॉर्ज हर्बर्टच्या १६३३ मधील संग्रहात 'द एलिक्झर' ही कविता आहे. ईश्वरार्थ केलेले झाडलोटीसारखे काम सोने होते, या भावनेसाठी त्याने किमयेची प्रतिमा वापरली. तेथे किमया हे उपमान आहे, श्रद्धा ख्रिस्ती आहे. हेन्री व्हॉनची गोष्ट निराळी. त्याचा जुळा भाऊ टॉमस हा किमयाविद्येचा अभ्यासक आणि लेखक होता. टॉमसचे पहिले ग्रंथ आणि हेन्रीच्या धार्मिक कवितांचा संग्रह ही दोन्ही १६५० मध्ये बाहेर आली. १६५५ मध्ये हेन्रीने स्वतः हर्मेटिक वैद्यकावरील एका ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद केला. त्याच्या कोंबड्याच्या आरवण्यावरील कवितेत त्या पक्ष्याच्या ठायी सूर्याचे बीज पेरलेले आहे, म्हणून रात्रभर तो उजेडाकडे ओढला जातो, अशी कल्पना आहे. लोहचुंबकाची आणि बीजाची ही परिभाषा हर्मेटिक सचेतन विश्वाचीच आहे. एलिझाबेथ होम्स यांनी १९३२ मध्येच या संबंधाचे स्वतंत्र विवेचन केले. घर, ग्रंथ, अनुवाद आणि शब्द अशा चारही कड्या येथे जुळतात. म्हणून व्हॉनवरील प्रभाव सिद्ध म्हणता येतो. आणि तरीही त्या कवितेचा शेवट ख्रिस्ती प्रार्थनेत होतो. कवीने विचार स्वीकारला, पण आपल्या श्रद्धेच्या मुशीत तो वितळवून घेतला. प्रभाव सिद्ध झाला म्हणजे कवीचे कर्तृत्व उणावते, हा समज किती उथळ आहे, हे येथे कळते.

गटेचे नावही या संदर्भात घेतले पाहिजे. १७६८ ते १७७० या काळात फ्रँकफर्टमध्ये आजारातून उठताना त्याने पॅरासेल्सस आणि किमयाविद्येचे ग्रंथ वाचले, प्रयोगही केले; हे त्यानेच आत्मचरित्रात सांगितले आहे. 'फाउस्ट'च्या आरंभी नायक ग्रंथ उघडून विश्वपिंडाच्या चिन्हाकडे पाहतो आणि क्षणभर सर्व काही परस्परांत विणलेले त्यास दिसते. परंतु ते केवळ एक दृश्य आहे असे जाणवून तो खिन्न होतो. हर्मेटिक स्वप्नाचे आकर्षण आणि त्याची अपूर्णता या दोहोंचे इतके नेमके चित्रण विरळाच.

तिसऱ्या पातळीवर आपण आधुनिक काव्यात येतो. बोदलेरच्या १८५७ मधील संग्रहाच्या प्रारंभिक कवितेत 'ट्रिस्मेजिस्टस' हे बिरुद सैतानाला दिलेले आहे आणि त्याच संग्रहात ध्वनी, रंग व गंध यांच्या परस्परसंवादावरील सुप्रसिद्ध सुनीत आहे. रँबोने १८७३ मध्ये आपल्या काव्यप्रयोगास 'शब्दांची किमया' म्हटले. डब्लिनमध्ये १८८५ साली तरुण येट्स आणि त्याच्या मित्रांनी हर्मेटिक सोसायटी स्थापिली. १८९० मध्ये तो लंडनच्या गोल्डन डॉन या गूढमंडळात दाखल झाला. येथे किमया विषय नाही, उपमानही नाही. शब्द स्वतःच वास्तवात पालट घडवितो ही कवीची भूमिका आहे. 'आस्क्लेपियस'मधील मूर्तीची जागा आता कवितेने घेतली आहे. पुढे इटलीत तर या शब्दाचा अर्थच बदलला. १९३६ मध्ये फ्रान्चेस्को फ्लोरा या समीक्षकाने उंगारेत्तीप्रभृती कवींच्या दुर्बोधतेवर टीका करताना 'हर्मेटिक काव्य' ही संज्ञा वापरली. तेथे ट्रिस्मेजिस्टसचा विचार उरला नव्हता, उरला होता केवळ बंदिस्तपणा. काचेचे पात्र हवाबंद करण्याच्या किमयागारांच्या रीतीवरून इंग्रजीत जो शब्दप्रयोग रूढ झाला, त्याच्याच जवळचा हा अर्थ होय.

८. मराठी अभ्यासकापुढील प्रश्न

हा सर्व इतिहास वाचताना मराठी वाचकाच्या मनात 'पिंडी ते ब्रह्मांडी' हे वचन उमटल्याशिवाय राहत नाही. नाथपंथीय पिंडब्रह्मांडविचार, रसविद्येतील पारदाची साधना, संतवाङ्मयातील परीस आणि लोखंडाचे रूपक ही सर्व सामग्री जवळची वाटते. येथेच मोह असतो. साम्य दिसताच 'म्हणजे हे आपल्याकडूनच तिकडे गेले' असे म्हणावेसे वाटते, किंवा 'सत्य एकच असल्याने सर्वत्र तेच प्रकटले' असे म्हणून प्रश्न मिटवावासा वाटतो. पहिली भूमिका ही मुळात फिचिनोचीच आहे, केवळ ईजिप्तच्या जागी भारत आला आहे. दुसरी स्तेउकोची आहे. जितके जुने तितके शुद्ध, हे गृहीतक दोन्हींच्या मुळाशी आहे, आणि ज्या कालगणनेवर ते उभे होते, ती कॅसोबाँने १६१४ मध्येच मोडून काढली.

याचा अर्थ संबंध नाहीतच, असा नव्हे. संबंध आहेत, पण ते शोधावे लागतात आणि अनेकदा अनपेक्षित ठिकाणी सापडतात. मराठीतील 'किमया' हा शब्द फारसीमार्गे अरबीतून आला आणि युरोपीय भाषांतील 'आल्केमी' हा शब्दही त्याच अरबी शब्दापासून लॅटिनमार्गे निघाला. ही दोन भावंडे एकाच घरातून दोन दिशांना गेली. आपल्याकडे या शब्दाने किमयाविद्येचा संदर्भ मागे टाकून कलेतील आणि जीवनातील चमत्कारक रूपांतर असा अर्थ धारण केला. माधव आचवलांच्या कलाविषयक ललित लेखसंग्रहाचे नाव 'किमया' आहे आणि विज्ञानाच्या वाटचालीवरील अच्युत गोडबोले यांचा ग्रंथ 'किमयागार' या नावाने आला. दुसरा संबंध थिऑसॉफीचा. १८७५ मध्ये न्यूयॉर्कला स्थापन झालेल्या थिऑसॉफिकल सोसायटीचे मुख्य ठाणे १८७९ मध्ये मुंबईत आले आणि १८८२ च्या अखेरीस अड्यारला हलले. हर्मेटिक ग्रंथ आणि वेदान्त यांस एकाच माळेत ओवण्याची रीत या संस्थेने रूढ केली. हर्मेटिक साहित्याचा १९०६ मधील इंग्रजी अनुवादक जी. आर. एस. मीड हा थिऑसॉफिस्टच होता. येट्सच्या मंडळापुढे डब्लिनला व्याख्याने देण्यास मोहिनीमोहन चॅटर्जी हे बंगाली थिऑसॉफिस्ट गेले होते. तेव्हा आज आपल्याला हर्मीस आणि उपनिषदे यांत जे 'उघड' साम्य दिसते, ते पाहण्याचा चष्मा काही अंशी एकोणिसाव्या शतकात तयार झालेला आहे. तुलना करणाऱ्याने आपल्या तुलनेचाही इतिहास तपासावा लागतो.

उम्बेर्तो एको यांनी १९९० मध्ये केंब्रिज येथे दिलेल्या व्याख्यानांत अतिरिक्त अर्थनिर्णयनाचे मूळ हर्मेटिक वृत्तीतच दाखविले. कोणतीही वस्तू कोणत्याही वस्तूसारखी कोठल्या ना कोठल्या बाबतीत असतेच. त्यामुळे साम्य हाच पुरावा मानला, तर सर्व काही सर्वांशी जोडता येते, आणि म्हणून काहीच सिद्ध होत नाही. प्रभावशोध करणारा संशोधक जेव्हा केवळ साम्यांची यादी देतो, तेव्हा तो हर्मेटिक परंपरेचा अभ्यास करीत नसतो, नकळत तिचे आचरण करीत असतो.

९. समारोप

वरील विवेचनावरून प्रभावशोधासाठी काही किमान कसोट्या हाती येतात. मूळ संहितेचा कालनिर्णय प्रथम करावा. ती संहिता लेखकापर्यंत कोणत्या अनुवादाने, कोणत्या हातांनी पोहोचली, तो मार्ग दाखवावा. निर्देश, प्रतिमा, कृती आणि भूमिका या प्रभावाच्या भिन्न पातळ्यांची गल्लत करू नये. आणि लेखकाने घेतलेल्याचे काय केले, हा प्रश्न अखेरपर्यंत सोडू नये. कारण साहित्याभ्यासात उसने किती यापेक्षा त्याचे रूपांतर कसे झाले, हेच महत्त्वाचे असते.

हर्मेटिक परंपरेच्या बाबतीत या कसोट्यांचे फलित संमिश्र आहे. तिने आधुनिक विज्ञान निर्माण केले, हे म्हणणे टिकत नाही. तिचा विज्ञानाशी संबंध नव्हता, हेही टिकत नाही. साहित्यात तिचा ठसा अधिक स्पष्ट आहे, कारण विश्व सचेतन आहे की नाही, हे कवितेस मोजून सिद्ध करावे लागत नाही. या परंपरेचे मोठे सामर्थ्य एका चुकीच्या कालगणनेवर उभे होते, तरी त्या चुकीतून उपजलेले विचार आणि कविता खऱ्याच होत्या. चूक उघड करणारी पाठचिकित्सा आणि तिच्यातून फुललेली कविता या दोहोंना एकाच वेळी न्याय देता येणे, हे साहित्याच्या इतिहासकाराचे खरे काम आहे. आपल्या संतवाङ्मयातील कर्तृत्वाचे आणि कालनिर्णयाचे प्रश्न हाताळतानाही याच दुहेरी निष्ठेची आपल्याला गरज आहे.